हिंदी विकिपीडियावर पहिली एडिट कशी करायची
हिंदी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे आणि लिहिणारे सगळे आपल्यासारखेच फुकट राबणारे, त्यामुळे घाबरू नका. आधी अकाउंट काढा. मग लगेच नवीन लेख काढायला जाऊ नका हो, जुन्या लेखात एखादी वेलांटी चुकलेली असते ती दुरुस्त करा, वर 'सम्पादित करें' दाबायचं, बदल करायचा, खाली सारांशात 'वर्तनी सुधार' (म्हणजे शुद्धलेखनाची दुरुस्ती) असं दोन शब्दांत लिहून सेव्ह. नवीन माहिती टाकताय तर संदर्भ पाहिजेच, पेपरची बातमी किंवा पुस्तक, नाहीतर कोणीतरी उडवणारच. गुगल ट्रान्सलेटचा मजकूर जसाच्या तसा चिकटवू नका, लगेच ओळखू येतो. अडलात तर 'चौपाल'वर, म्हणजे तिथल्या चर्चेच्या पानावर विचारा.