दखनच्या सुलतानशाहीवर कादंबरी किंवा अद्भुतकथा लिहिताय? या चुका टाळा

अहमदनगर, विजापूर, दौलताबाद ही काही परक्या मुलखातली गावं नाहीत. तरीही तिथल्या मुसलमान पात्रांची गोष्ट लिहायला बसलं की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातला दरबार उभा राहतो. झुंबरं, कव्वाली आणि वाक्यागणिक ‘या खुदा’. माणसाचा पोशाख दिसतो, पण त्याचा दिवस दिसत नाही. श्रद्धा नुसती सजावट म्हणून वापरली की कथा पोकळ होते. तीच श्रद्धा पात्राचं वेळापत्रक आणि त्याचा पेच बनली की कथानक आपोआप पुढे सरकतं.

सगळ्यात जास्त सापडणारी चूक चंद्राची. रमजान ईदच्या आदल्या रात्री लख्ख चांदण्यात नायक-नायिका भेटतात. हे शक्यच नाही. हिजरी महिना कोर दिसल्यावर सुरू होतो आणि ती कोर सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात मावळते. पूर्ण चंद्र हवा असेल तर शाबान महिन्याची पंधरावी, म्हणजे शब-ए-बरात घ्या. मोहरमच्या कत्तलच्या रात्री, म्हणजे दहाव्या दिवसाच्या आदल्या रात्री, चंद्र अर्ध्याहून मोठा असतो आणि मध्यरात्र उलटल्यावर मावळतो. शिवाय दिवस सूर्यास्ताला बदलतो, म्हणून ‘जुम्मे की रात’ म्हणजे आपली गुरुवारची रात्र. शुक्रवारी रात्री दर्ग्यात तिची गर्दी दाखवली की जाणकार वाचक तिथेच थांबतो.

हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असल्यामुळे सण ऋतूंमधून फिरत राहतात. मोगलांनी अहमदनगरच्या किल्ल्याला घातलेला वेढा डिसेंबर 1595 ते 1596 च्या सुरुवातीचा. त्या वर्षी रमजान आला एप्रिलअखेरीस, वेढा उठून गेल्यावर. म्हणजे वेढ्यात किल्ला लढवणारी चाँदबिबी रमजानचा रोजा सोडताना दाखवता येणार नाही. पण दुसरं काही हाती लागतं. सुरुंगाने पडलेलं भगदाड तिने रातोरात बुजवून घेतलं. त्या रात्रीची हिजरी तारीख शोधा, की चंद्र होता का काळोख ते कळेल. काळोख असेल तर गवंड्यांना मशाली लागणार, आणि मशाली पेटल्या की शत्रूच्या तोफचीला नेम मिळणार. एका तारखेतून अख्खा प्रसंग उभा राहतो.

मोडी कागद वाचून लिहीत असाल तर आणखी एक सावधगिरी. त्यांतला सुहूर सन मृगापासून सुरू होणारा, सौर आहे. तो हिजरी समजून गणित केलंत तर चाँदबिबी आणि निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यांच्या काळात आठ-नऊ वर्षांचा घोटाळा होतो.

दिशाही तपासा. दखनमध्ये नमाज पश्चिमेकडे तोंड करून होते. उगवत्या सूर्याकडे बघत फज्र, म्हणजे पहाटेची नमाज, पढणारा सरदार हे चित्र सुंदर असेल, पण चूक आहे. पहाटेचं ऊन त्याच्या पाठीवर पडायला हवं, आणि खरं तर फज्र सूर्य उगवण्याआधीच आटोपते.

आता जिन्नांकडे वळू. लेखकांची तक्रार असते की जिन्न आला की कथेतला ताणच संपतो, कारण तो काहीही करू शकतो. दोष जिन्नाचा नाही. आपण त्याला दिव्यातून निघणारा नोकर करतो किंवा भूत करतो. इस्लामी श्रद्धेत जिन्न मेलेल्या माणसाचा आत्मा नाही. तो धूर नसलेल्या अग्नीपासून घडलेली वेगळी जात आहे. जिन्न जन्मतात, मरतात, त्यांच्यात श्रद्धावान असतात आणि नाकारणारेही. मुख्य म्हणजे त्यांना गैब, म्हणजे अदृष्ट, कळत नाही. कुराणात याची विलक्षण कथा आहे. जिन्नांना कामाला जुंपणारे पैगंबर सुलेमान काठीवर टेकून उभे असतानाच त्यांचा मृत्यू झाला. जिन्न मात्र त्यांना जिवंत समजून राबत राहिले. किड्याने काठी पोखरली, देह कोसळला, तेव्हा कुठे त्यांना कळलं. इतकी बलवान जात आणि एवढं अज्ञान! ही मर्यादा तुमच्या जिन्नाला द्या. तो डोंगर उचलेल, पण उद्या काय होणार हे त्यालाही माहीत नसेल. मग तोही घाबरेल, चुकीच्या माणसावर विश्वास टाकेल.

‘मुसलमान’ असा एकच गट धरून लिहिणं ही आळसाची चूक. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने शाह ताहिर या इराणी धर्मपंडिताच्या प्रभावाखाली शिया पंथ स्वीकारला. विजापुरात पहिला अली आदिलशहा शिया, तर दुसरा इब्राहिम सुन्नी. म्हणजे राजा बदलला की शुक्रवारच्या खुतब्यातली, म्हणजे नमाजाच्या प्रवचनातली, नावं बदलत. मशिदीत बसलेला एखादा जुना कारकून ती नावं ऐकतोय, आपली नोकरी राहील का याचा अंदाज घेतोय, असा प्रसंग लिहून बघा. त्यातच दखनी विरुद्ध इराण-तुराणातून आलेले आफाकी, आणि आफ्रिकेतून आलेले हबशी. मलिक अंबरला नुसता शूर हबशी म्हणून उभा करू नका. तो लहानपणी विकला गेला होता, आणि दखनमधला त्याचा मालक, निजामशाहीचा पेशवा चंगेजखान, स्वतःही हबशी होता. या नात्यात केवढं तरी लिहायला आहे.

किरकोळ दुरुस्त्या: बहमनी काळातल्या स्वयंपाकघरात मिरची आणि बटाटा नको. नुसतं ‘अब्दुल’ हे अर्धं नाव आहे, पुढे करीम, रहीम असं काही हवंच. शाही फर्मान फारसीत असे, महसुली दफ्तरात मराठी चाले, बाजारात दखनी. उत्तरेकडची लखनवी उर्दू विजापूरच्या भिश्त्याच्या तोंडी घालू नका.

एक मर्यादा मात्र मी पाळावीच म्हणेन. पैगंबरांना पात्र करू नका, आणि कुराणाच्या आयती मांत्रिकाच्या तोंडी जादूचे मंत्र म्हणून देऊ नका. स्वतः रचलेल्या ओळी आयत म्हणून खपवणं तर त्याहून वाईट. स्वप्न, तावीज, दुआ, पीराची करामत, केवढं मोठं रान मोकळं आहे.

खर्डा झाला की श्रद्धा पाळणाऱ्या एखाद्या मुस्लिम वाचकाला द्या. ‘यात काही दुखावणारं आहे का’ असं विचारलंत तर भिडेखातर ‘नाही’ हेच उत्तर मिळेल. त्याऐवजी एकेका प्रसंगावर बोट ठेवून विचारा, ‘या जागी हा माणूस काय करील?’