कृतीतून शिकवताय? मग या चुका टाळा

लेकरं कामात गुंतलेली दिसली की वर्ग चांगला चाललाय असं आपण धरून चालतो. पहिलीच्या वर्गात तीस लेकरं कागदावर पानं चिकटवतायत. सगळ्यांची पानं एकाच जागी, एकाच आकाराची, कारण बाईंनी फळ्यावर तसंच काढून दिलंय. हात तीस लेकरांचे चालतात, डोकं मात्र एकट्या बाईंचं. कृती म्हणून वहीत नोंद होते, फोटो ग्रुपवर जातो आणि लेकराच्या पदरात डिंकाशिवाय काही पडत नाही.

2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं 3 ते 8 वर्षांच्या मुलांसाठी खेळ आणि कृती हाच शिकण्याचा मुख्य रस्ता ठरवला. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानानं तिसरीपर्यंत प्रत्येक लेकराला समजून वाचता यावं, साधं गणित यावं म्हणून 2026-27 ची मुदत घातली. त्यामुळे मराठवाड्यातल्या द्विशिक्षकी शाळेतही आज कृती सगळेच घेतात. प्रश्न कृती घेण्याचा उरलेला नाही, ती कशी फसते याचा आहे. खालच्या चुका जिल्हा परिषदेच्या शाळांत, अंगणवाड्यांत आणि तालुक्याच्या इंग्रजी नर्सऱ्यांत सारख्याच दिसतात.

साहित्य कपाटात, किल्ली खिशात

गणित पेटी आली, जडवस्तू रजिस्टरला चढली आणि कुलपात गेली. एखादा ठोकळा हरवला तर शाळेच्या कागदपत्रांच्या तपासणीला उत्तर कुणी द्यायचं, ही भीती खोटी नाही. त्यावर उपाय सोपा आहे. रजिस्टरला चढलेलं साहित्य आठवड्यातून ठरलेल्या वेळी काढा आणि रोजच्या वापराला हरवलं तरी चालेल असं ठेवा. चिंचोके, तुराट्यांचे बोटाएवढे तुकडे, करवंट्या, पोळ्याला बैल करायला आणतात ती काळी माती. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढं अनुताई वाघांबरोबर कोसबाडला हेच केलं. माँटेसरीचं महागडं साहित्य परवडणारं नव्हतं, म्हणून परिसरातल्या वस्तू त्यांनी लेकरांच्या हाती दिल्या.

साहित्य लेकराच्या उंचीच्या फळीवर हवं, आणि परत ठेवायचं कामही त्याचंच. सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस पसारा होईल. होऊ द्या.

इथं दोन गोष्टींत मात्र हयगय नको. लाल-काळ्या गुंजा दिसायला देखण्या, मोजायला सोप्या, आणि विषारी. फुटलेली किंवा चावलेली गुंज पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. एरंडीच्या बियांचंही तेच. या दोन्ही बिया वर्गात आणूच नका. दुसरी गोष्ट अंगणवाडीची. तिथं मोठ्या भावंडाबरोबर दीड-दोन वर्षांचं लेकरूही येऊन बसतं, आणि हाताला लागेल ते तोंडात किंवा नाकात घालतं. त्याच्या आसपास चिंचोके, मणी, गोट्या नकोत. त्याला करवंट्या आणि मोठे डबे पुरतात.

डब्यांवरून आठवलं. घरातले एकात एक बसणारे स्टीलचे डबे हे बालवाडीचं उत्तम साहित्य आहे. क्रम चुकला तर शेवटचा डबा आत जातच नाही. चूक डबाच दाखवतो. माँटेसरीच्या दट्ट्यांच्या ठोकळ्यांमागंही हीच युक्ती आहे. अशा वेळी ‘अगं चुकलं, तो नाही, हा घे’ म्हणणारी ताई लेकराचा अर्धा धडा हिरावून घेते. हाताची घडी घालून बसणं अवघड जातं, पण इथं तेवढंच काम आहे.

गठ्ठा कोण सोडतं?

ही चूक मला सगळ्यात महाग वाटते, म्हणून जरा सविस्तर.

दुसरीच्या वर्गात दशक-एकक शिकवायला काड्यांचे गठ्ठे वापरतात. बहुतेक ठिकाणी गठ्ठे गुरुजी घरून बांधून आणतात. वेळ वाचतो, पण लेकराच्या लेखी तो गठ्ठा म्हणजे एक वस्तू होते. आत दहा आहेत हे त्यानं ऐकलेलं असतं, मोजलेलं नसतं. काड्या सुट्या द्या, दहा झाल्या की रबर लावायला सांगा आणि शेजाऱ्याकडून तपासून घ्या. कुणाच्या गठ्ठ्यात नऊ निघतात, कुणाच्या अकरा. त्यावरून भांडण लागलं तर बिघडत नाही, ते गणिताचंच भांडण असतं.

आता 43 वजा 18. लेकरासमोर चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या आहेत. गुरुजी विचारतात, ‘तीनातून आठ जातात का?’ वर्ग म्हणतो, ‘नाही.’ ‘मग एक गठ्ठा सोडा.’ सगळे रबर काढतात, उत्तर 25 येतं, तास संपतो. नीट पाहिलं तर यात एकच निर्णय घ्यायचा होता, गठ्ठा सोडायचा, आणि तो गुरुजींनी घेतला. त्याऐवजी ‘शेजाऱ्याला अठरा काड्या दे’ एवढंच सांगून गप्प बसा. लेकरू आधी एक गठ्ठा देतं. मग सुट्या तीन देतं. मग थांबतं. डोकं खाजवतं, तुमच्याकडं पाहतं. तुम्ही खिडकीबाहेर बघा. थोड्या वेळानं कुणीतरी म्हणतंच, ‘सर, हे सोडू का?’ तेवढ्यासाठी अख्खा तास गेला तरी हरकत नाही. हातचा घेणं ज्याला असं सुचलं, त्याला चौथीत तो पुन्हा शिकवावा लागत नाही.

आणखी एक अडचण आपल्या संख्यांच्या नावांतली. त्रेचाळीस म्हणताना तीन आधी ऐकू येतात, लिहिताना चार आधी येतात. म्हणून लेकरू 34 लिहितं. एकोणचाळीस ऐकून 49 लिहिणारीही असतात, कारण कानावर चाळीस पडलेलं असतं. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा राज्यभर थट्टा झाली. पद्धत पटो न पटो, तिच्यामागची अडचण खरी होती. शंभर वेळा उजळणी लिहून घेण्यापेक्षा लिहिलेलं 34 लेकरापुढं ठेवा आणि तेवढ्या काड्या आणायला सांगा. तीन गठ्ठे, चार सुट्या आणल्यावर नाव विचारा. आपण दुसरीच संख्या लिहिली हे त्याचं त्याला दिसतं.

काड्यांवरून थेट अंकांवर उडी मारणं हीसुद्धा चूकच. मध्ये चित्राची पायरी लागते. गठ्ठ्यासाठी उभी रेघ, सुट्या काडीसाठी टिंब. याच्या उलट, चौथीतलं लेकरू अजून एकेक काडी मोजत असेल तर त्याचं साहित्य काढून घेऊ नका, त्याला गठ्ठ्यांवर परत न्या. जे काडीला हात लावायच्या आधीच उत्तर सांगतं, त्याचं काम झालं. त्याच्यापुढचं साहित्य उचला.

फरशी रंगवून थांबणं

2015 मध्ये राज्याच्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासन निर्णय आला. त्या सुमारास कृतीतून शिकवण्यासाठी गाजलेल्या साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (विस्तार अधिकाऱ्याच्या हाताखालच्या गटातल्या) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक जात होते. परत आल्यावर गावोगाव फरश्या रंगल्या. फरशीवरच्या आकृत्या लेकरांनी बसून, हाताळून, आपापसात बोलून वापरायच्या होत्या. पुष्कळ ठिकाणी रंग तेवढा आला. आज त्या आकृत्या पुसट झाल्यात आणि त्यावर बाक मांडलेत. फरशीवर खडूनं काढलेली आकृती रोज बदलता येते, ऑइलपेंटची बदलत नाही. पैसे वाचवा.

पेन्सिल लवकर हातात देणं

साडेतीन वर्षांच्या लेकराच्या बोटांत नीट पेन्सिल धरायची ताकद आलेली नसते. तरी तालुक्याच्या गावी नर्सरीत रोज पानभर ए-बी-सी-डी गिरवून घेतात, कारण पालक वही तपासतात. दहावी-बारावीच्या निकालांनी गाजलेल्या लातूर पॅटर्नच्या मुलखात हा ताण थेट नर्सरीपर्यंत उतरलाय. मग अंगणवाडी ताईला ऐकावं लागतं, ‘लेकराला काहीच लिहायला दिलं नाही.’

यावर पालकांना भाषण देऊ नका. पालकसभेत आईला मटकी निवडायला, शेंगा फोडायला, मातीचा बैल करायला लेकराशेजारी बसवा. मग चिमटीत मटकीचा दाणा धरणारी बोटं आणि पेन्सिल धरणारी बोटं एकच आहेत, एवढं दाखवा. बायांना ते पटकन कळतं. बाप्यांना वेळ लागतो.

ऊसतोडीवरून आलेल्या लेकराला कोरी पाटी समजणं

बीड, धाराशिव, जालन्याकडची कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे कारखान्यावर जातात. हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडं राहिलेली लेकरं शाळेत टिकतात. सोबत गेलेली पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर परततात, तेव्हा वर्ग पुढं गेलेला असतो. त्यांना मागच्या बाकावर बसवून अंक गिरवायला देणं ही सर्रास होणारी चूक. या लेकरानं फडात मोळ्या बांधताना, मोजताना, गाडीत भरताना रोज पाहिलंय. दहाचा गठ्ठा त्याला मोळीवरून सांगा. फरक एवढाच दाखवायचा, की फडातली मोळी कमी-जास्त उसांची चालते, आपली मोळी कायम दहाचीच.

भाषेचंही तसंच. तांड्यावरचं लेकरू गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत मोजतं, देगलूर-बिलोलीकडचं तेलुगूत, उमरग्याकडचं कन्नडात, कुणी दखनीत. कृती चालू असताना त्याला त्याच्या बोलीत बोलू द्या. ‘काहून’ला ‘का’ करायला लावलं की लेकरू प्रश्न विचारायचंच बंद होतं. प्रमाण शब्द काम झाल्यावर, सांगायच्या वेळी आणा.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

चाळीस लेकरांत एकच संच असेल तर तो समोर धरून दाखवू नका. पाच जणांना तो द्या, बाकीच्यांना फळ्यावरचं किंवा वाचनाचं काम, आणि गट फिरवा. मोकळीक म्हणजे धिंगाणा नव्हे. पोत्याच्या पट्टीवर आपलं काम मांडायचं, दुसऱ्याच्या पट्टीवर पाय द्यायचा नाही, एवढा नियम पुरतो. पाण्याचे मापनाचे खेळ टँकरच्या दिवसांत घेऊ नका, ज्वारीनं मापं तितकीच छान भरतात. मार्चनंतर पत्र्याच्या खोलीत अकरानंतर हाताचं काम होत नाही. सकाळच्या शाळेचे पहिले दोन तास त्यासाठी राखा, गिरवणं-वाचणं नंतर.

थर्माकोलचे प्रकल्प घरी देऊ नका. ते बाप करतो, नाहीतर झेरॉक्सवाला विकतो.

तयार नोंदींचं पुस्तक

2010 पासून आकारिक मूल्यमापन, म्हणजे वर्षभर वर्गातल्या कामावरून करायचं मूल्यमापन आलं, आणि वर्णनात्मक नोंदींची छापील पुस्तकंही पाठोपाठ आली. ‘वर्गकार्यात उत्साहाने सहभागी होतो’ हे वाक्य पटावरच्या निम्म्या लेकरांच्या नावापुढं असतं. रोज फक्त तीन लेकरं ठरवा, खिशातल्या डायरीत दोन ओळी लिहा. ‘43 मधून 18 देताना अडली, गठ्ठा स्वतः सोडला, उरलेल्या काड्या पुन्हा एकपासून मोजल्या.’ एवढी नोंद असली की उद्या तिला पुढं मोजायचा सराव द्यायचाय हे कळतं. महिन्याच्या शिक्षण परिषदेत अशाच दोन-तीन नोंदी वाचून दाखवा. पीपीटीपेक्षा शेजारच्या शाळेच्या मॅडमना त्यातून जास्त मिळतं, आणि केंद्रप्रमुखांनी विचारलंच तर मूल्यमापनाचा पुरावा म्हणून तीच डायरी पुढं करता येते.