जुन्या सयपाकघरात नक्षीची सिमेंट फरशी कशी बसवावी

कापसाच्या पैशावर उभे राहिलेले वाडे वऱ्हाडातल्या गावांत अजून दिसतात. त्यांच्या बैठकीत, क्वचित सयपाकघरातही, गेरू, काळा आणि मळकट पांढरा अशा रंगांतल्या आठ इंची नक्षीच्या फरश्या असतात. दुरुस्ती निघाली की बहुतेक जण त्यांवर दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल चढवून मोकळे होतात. ज्यांना जुनं रूप हवं असतं, ते महिनाभर डिझाइनच निवडत बसतात. आपल्या भागात ही फरशी बिघडते ती खालच्या काळ्या मातीनं आणि बोअरच्या खाऱ्या पाण्यानं. पैसा आणि डोकं आधी तिथं लावा.

आहे ते आधी ओळखा

एखादी फुटकी फरशी उचला आणि तिची कड धुऊन बघा. वर काही मिलिमीटर जाडीचा रंगीत थर आणि खाली राखाडी सिमेंट-रेती दिसली, तर ती जुन्या पद्धतीची दाबफरशी आहे. साच्याच्या खणांत पांढरं सिमेंट, संगमरवराची पूड आणि रंग ओतून ती प्रेसखाली दाबतात. भट्टीत भाजत नाहीत. म्हणून तिचा रंग झिजला तरी नक्षी जात नाही, पण ती तेल-पाणीही पिते.

चांगल्या निघालेल्या फरश्या एकाच जागी लावा, देवघरासमोर किंवा दारात. नव्यांत मिसळू नका, शेजारी ठेवल्या की फरक डोळ्यांत खुपतो. अशा फरश्या आजही मिळतात. मुंबईची भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी 1922 पासून या धंद्यात आहे. रंग जुळवायला मोबाइलवरचा फोटो पाठवू नका, फुटका तुकडाच पाठवा. तो ओला करून बघितला की मूळ रंग कळतो.

हिशेब

दहा बाय दहा फुटांच्या खोलीला आठ इंची 225 फरश्या लागतात, वर दहा टक्के तुटीच्या धरा. पण चार फरश्या मिळून एक फूल होत असेल तर ओळीत सम संख्या हवी, आणि दहा फुटांत बसतात पंधरा. मग मधे 12 बाय 12 नक्षी, भोवती एक ओळ बॉर्डर, आणि भिंतीलगत चार इंचांची साधी एकरंगी पट्टी. म्हणजे नक्षीच्या 144, बॉर्डरच्या 52 (त्यांतल्या चार कोपऱ्याच्या), उरलेल्या साध्या. जुन्या वाड्याची एकही भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसते. तो वाकडेपणा ही पट्टीच पोटात घेते. जुने मिस्त्री पट्टी ठेवायचे ते काही शोभेसाठी नाही.

काळी माती

जुनी जमीन इतकी वर्षं खचली नसेल, भेगा नसतील, तर ती उकरू नका. खचली असेल तर नुसता वरून कोबा करून भागत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या सिमेंटला घेऊन हलते. दीड-एक फूट माती काढा, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत टाका, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमस करा. वर दगडाचं सोलिंग, म्हणजे रचून ठोकलेल्या दगडांचा थर, आणि चार इंच काँक्रीट. मातीच्या भिंतींचा पाया उथळ असतो, तेव्हा भिंतीला खेटून खोदण्याआधी जाणत्या माणसाला दाखवा. मोरीकडे उतार काँक्रीटलाच द्या.

खारं पाणी

अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, जिथं जमिनीतलं पाणीच खारं असतं, हे फार महत्त्वाचं. बोअरच्या पाण्यात सिमेंट-रेतीचा माल कालवला की क्षार फरशीतून वर येतात आणि गेरू रंगावर पांढरी बुरशीसारखी पावडर जमते. पुसली की पुन्हा येते. स्टीलच्या ताटलीत वाटीभर पाणी आटवून बघा. जाड पांढरा थर राहिला तर ते पाणी कामाला नको. नळयोजनेचं पाणी किंवा गोड्या पाण्याचा टँकर आणा. मिस्त्री म्हणेल, "भाऊ, पाण्यानं काय होते?" ऐकू नका.

बसवणं

काम दिवाळीनंतर काढा. मे महिन्यात 45 अंशांत माल पकडण्याआधीच सुकतो. खोलीचे मध्य काढून दोन सुतं ताणा, काटकोन 3-4-5 च्या मापानं तपासा (एका सुतावर 3 फूट, दुसऱ्यावर 4, तर तिरकं अंतर 5 भरायला हवं) आणि मधल्या दोन ओळी आधी कोरड्याच मांडून बघा. मग एक भाग सिमेंट, सहा भाग चाळलेली रेती असा दीडेक इंचाचा माल पसरा आणि वर सिमेंटचं घोळ ओता. फरशीची मागची बाजू ओली करून घ्या, नाहीतर ती मालातलं पाणी ओढते. रबरी हातोडीनं ठोका. लोखंडी हातोडीनं कोपरे उडतात. दरज, म्हणजे दोन फरश्यांमधली फट, दीड-दोन मिलिमीटर पुरे.

दरजा भरताना घोळ रंगीत थरावर सुकू देऊ नका. लगेच ओल्या स्पंजानं पुसा, मग लाकडाचा कोरडा भुसा चोळा. आणि ॲसिड घरातच ठेवू नका. डाग दिसला की मिस्त्रीचा हात बाटलीकडे जातो आणि ॲसिड फरशीचा वरचा थरच खाऊन टाकतं. बसवलेली फरशी ओली ठेवायला गोणपाटही नको, त्याचा तपकिरी डाग उतरतो. जुनी धुतलेली सुती चादर ओली करून अंथरा.

ओट्याला कडाप्पा, मागे सहा इंची पांढऱ्या चकाकत्या टाइल आणि वर एक काळी किंवा हिरवी रेघ. जुन्या घराला एवढं शोभतं, ग्रॅनाइटची गरज नाही.

वापर

फरशी पूर्ण सुकल्यावर, म्हणजे तीन-चार आठवड्यांनी, आत मुरणारं सीलर लावा. चकाकी देणारं नको. लिंबू, चिंच, आंबाडीची भाजी सांडली तर लगेच पुसा. आंबटानं पॉलिश जातं. हळदीचा डाग मात्र घाबरण्यासारखा नसतो, ऊन येत असेल तर तो हळूहळू उडतो. रोज पुसायला साधं पाणी, आठवड्याला थोडा सौम्य साबण. फिनेल टाळा. जवसाचं कच्चं तेल लावायचा सल्ला कुणी दिला तर नको म्हणा, ते चिकट राहतं आणि चुलीची राख, घरातली धूळ सगळी धरून ठेवतं.