टुरिस्ट व्हिसावर गेल्यावर तिथेच शिकायचं ठरलं तर

सगळ्यात आधी तपासा, त्या देशात राहून व्हिसा बदलता येतो का. ब्रिटनमध्ये येत नाही, बाहेर पडूनच स्टुडंट व्हिसाचा अर्ज करावा लागतो. ऑस्ट्रेलियानेही १ जुलै २०२४ पासून व्हिजिटर व्हिसावाल्यांसाठी ही वाट बंद केली.

अमेरिकेत ती आहे, पण जपून. कॉलेजकडून आय-२० (प्रवेश दिल्याचा फॉर्म) मिळवायचा, सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची फी) भरायची आणि मुक्कामाची मुदत संपण्याआधी आय-५३९ हा पर्यटकाचा दर्जा बदलून विद्यार्थ्याचा मागणारा अर्ज करायचा. मुदत म्हणजे आय-९४ वरची, अर्थात देशात शिरताना होणाऱ्या सरकारी नोंदीवरची तारीख! पासपोर्टवरचा व्हिसा दहा वर्षांचा असला तरी आय-९४ सहा महिन्यांतच संपू शकतो, आणि गल्लत नेमकी इथेच होते. मंजुरी येईपर्यंत वर्गात बसायचं नाही. कॉलेजने फी घेतली, वेळापत्रक हातात दिलं, तरीही नाही. कोर्स सुरू व्हायची वेळ आली आणि निर्णय नसेल, तर कॉलेजला सांगून आय-२० वरची तारीख पुढे ढकलून घ्या. मधेच देशाबाहेर पडलात तर अर्ज सोडून दिला असं धरतात.

मंजुरी मिळाली तरी पासपोर्टवर नवा व्हिसा उमटत नाही. सुट्टीत घरी आलात की परत जाताना वकिलातीतून एफ-१ हा स्टुडंट व्हिसा काढावाच लागतो. म्हणून हाताशी वेळ असेल तर मायदेशी येऊन अर्ज करणं मला जास्त सुरक्षित वाटतं. आणि शिकायचं निघण्याआधीच ठरलं असेल, तर कृपया पर्यटक म्हणून जाऊ नका; खोटा हेतू सांगितल्याचा ठपका पुढच्या अर्जांनाही आडवा येतो.