नवे नियम आले म्हणून कॅम्पेन मोडायचं का?

बडोद्यात डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या गोष्टीच्या खेळाचं कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी एकच गोष्ट, कधी पुढे सरकणार हे डीएम (गोष्ट चालवणारा) नाही, सण ठरवतात. गणपतीत एखादं सेशन कसंबसं होतं, नवरात्रात गरब्यापुढे कोणाचं काही चालत नाही, मग दिवाळी, आणि १४-१५ जानेवारीला पतंग सोडून फासे टाकायला गच्चीवरून कोणी खाली उतरत नाही. अशा खंडानंतर ग्रुपवर हमखास विषय निघतो: एवीतेवी गाडी थांबलीच आहे, तर डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०२४च्या नियमांवर पहिल्यापासूनच का सुरू करू नये?

यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. नियम बदलायचे का, हा एक आणि गोष्ट मोडायची का, हा दुसरा. ते वेगळे करा. २०२४चं पुस्तक ही २०१४च्या पाचव्या आवृत्तीचीच डागडुजी आहे. फासे तेच, लेव्हल (पात्राच्या अनुभवाच्या पायऱ्या) त्याच, जुने नकाशे आणि जादूच्या वस्तू बहुतेक तशाच चालतात. चांपानेरच्या वावेवर (पायऱ्यांच्या विहिरीवर) बेतलेलं तुमचं भुयार नव्या नियमांत एका रेघेनेही बदलावं लागत नाही. त्यामुळे नुसते नवे नियम हे कॅम्पेन मोडायचं कारण होत नाही.

गोष्टीची नाडी आधी बघा. सगळ्यांना कोरी चिठ्ठी द्या आणि आपसांत न बोलता तीन ओळी लिहायला सांगा: सध्या आपला शत्रू कोण, माझ्या पात्राला काय हवंय, पुढच्या सेशनला आपण कुठे निघालो होतो. पाचातल्या तिघांच्या चिठ्ठ्या भरल्या तर कॅम्पेन जिवंत आहे. तिघांनी कोऱ्या ठेवल्या, किंवा निम्मे खेळाडू खंडात बदलले, तर नियम कुठलेही असोत, नवी गोष्ट काढा. डीएमनेही चिठ्ठी लिहायची. त्याचीच कोरी निघाली तर पुढे चर्चा करण्यात अर्थ नाही.

गोष्ट जिवंत असेल तर लेव्हल बघा. १ किंवा २ वर असाल तर थोडं थांबा. नव्या नियमांत प्रत्येक क्लासला (पात्राच्या पेशाला) सबक्लास (त्यातली खास शाखा) ३ऱ्या लेव्हललाच मिळतो. जुन्या क्लेरिक, सॉर्सरर आणि वॉरलॉकला तो पहिल्याच लेव्हलला मिळालेला असतो, ड्रुइड आणि विझर्डला दुसऱ्या. आत्ता बदल केला तर त्यांच्या हातातली शक्ती काढून घ्यावी लागते, आणि दिलेलं काढून घेतलं की टेबलावर तोंडं पडतात. ३ ते १० हा बदलाला सगळ्यात सोयीचा टप्पा. ११च्या पुढे, शेवट दिसत असेल तर जुन्याच नियमांनी संपवा. त्या लेव्हलला शीट (पात्राची माहिती लिहिलेला कागद) इतकी गच्च भरलेली असते की दोन सेशन बदलातच जातात.

मग कोण काय खेळतंय ते बघा, कारण बदलाचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. फायटर खुशीत असतो, त्याला वेपन मास्टरी (शस्त्रागणिक जादा परिणाम) फुकट मिळते. पॅलाडिन कुरकुरतो: पूर्वी ५व्या लेव्हलला दोन्ही वारांवर स्माइट (जादा इजा करणारी शक्ती) लावता यायचं, आता डिव्हाइन स्माइट हे बोनस ॲक्शनचं (टर्नमधल्या एकाच जोड-कृतीचं) स्पेल (मंत्र) झालंय, म्हणजे टर्नला एकदाच. शार्पशूटर हे फीट (जादा कौशल्य) घेऊन बसलेल्या तिरंदाजाचा ‘उणे ५, अधिक १०’चा (नेमात ५ कमी, इजा १० जास्त) सौदा गेला. सर्कल ऑफ द मून सबक्लासचा, प्राण्याचं रूप घेणारा ड्रुइड ५व्या लेव्हलला तपकिरी अस्वल झाला की त्याला अस्वलाचे ३४ हिट पॉइंट (जीवाचे गुण) मिळायचे. आता लेव्हलच्या तिप्पट, म्हणजे १५ टेम्पररी (तात्पुरते). त्याबदल्यात ते संपले तरी रूप टिकतं, पण हे त्याला आधी समजावून सांगा, नाहीतर पहिल्या लढाईतच रुसवा. प्राणी बोलावण्याच्या कॉन्ज्युअर स्पेलवरच ज्याचं पात्र उभं आहे त्याला सरळ पात्र नव्याने बांधू द्या. ते स्पेल आता आठ लांडग्यांची फौज आणत नाही.

पैसे टाकण्याआधी चाचणी घ्या. नव्या नियमांचा एसआरडी ५.२ (नियमांचा खुला गाभा) क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट मिळतो. त्यात बाराही क्लास आहेत, प्रत्येकी एक सबक्लास. मागे लढलेली एखादी लढाई त्यावर पुन्हा खेळा, गोष्टीत न धरता. दोन तास पुरतात.

या चाचणीत डीएम हटकून चुकतो तो लढाईच्या हिशोबात. ५व्या लेव्हलचे चार खेळाडू, समोर चार ओगर राक्षस. प्रत्येकाचे ४५० एक्सपी (अनुभवगुण), एकूण १८००. जुन्या पद्धतीत शत्रू तीन ते सहा असले की दुप्पट धरायचे, म्हणजे ३६००. त्या पार्टीची ‘हार्ड’ची पायरी ३०००ला लागते, म्हणजे लढाई कठीण. नव्या पद्धतीत हा गुणाकारच नाही. ‘लो’चं बजेट माणशी ५००, चौघांचं २०००, तुमचे चार ओगर तेवढंही भरत नाहीत. ‘मॉडरेट’ माणशी ७५०, म्हणजे ३०००, त्यात सहा ओगर बसतात. नवी पात्रं आणि जुना हिशोब अशी खिचडी केली की लढाई दोन राउंडमध्ये आटोपते आणि सगळे म्हणतात, नवे नियम मिळमिळीत. क्युअर वूंड्स या जखम भरणाऱ्या स्पेलचे १डी८ऐवजी (आठ बाजूंचा एक फासा) आता २डी८ झालेत, तेही यात धरा.

दुसरी अडचण वेळेची. टॉपल मास्टरीची (शत्रूला पाडणारी) कुऱ्हाड असेल तर प्रत्येक लागलेल्या वाराला समोरच्याने कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (बचावाचा फासा) टाकायचा. टर्नला दोन वार, दोन सेव्ह, आणि दर वेळी ‘डीसी (बचावासाठी लागणारा आकडा) किती?’ आकडा शीटवर ठळक लिहून ठेवा: ८ अधिक प्रोफिशियन्सी (लेव्हलप्रमाणे मिळणारा बोनस) अधिक स्ट्रेंग्थचा मॉडिफायर (ताकदीचा बोनस). ५व्या लेव्हलला १८ स्ट्रेंग्थ असेल तर १५.

चाचणी पटली तर शीट बदलण्यासाठी पूर्ण सेशन राखून ठेवा. शेवउसळ मागवा, पण लढाई नको. ॲबिलिटी स्कोअर (ताकद, चपळाई वगैरेंचे आकडे) आहेत तसेच राहू द्या. नव्या नियमांत वाढीव गुण वंशाऐवजी बॅकग्राउंडमधून (पात्राच्या पूर्वेतिहासातून) येतात. ते नव्याने मांडायला बसलात तर हाफ-एल्फचे ४ गुणांचे ३ होतात आणि उगाच भांडण लागतं. बॅकग्राउंडमधून फक्त ओरिजिन फीट (सुरुवातीचं फीट) घ्या. मग क्लास पहिल्या लेव्हलपासून क्रमाने उतरवा, थेट सध्याच्या लेव्हलवर उडी मारू नका, मधलं काहीतरी राहतंच. स्पेलची यादी सगळ्यात शेवटी, आणि नाव तेच दिसलं तरी मजकूर वाचून. काउंटरस्पेलला (दुसऱ्याचं स्पेल मोडणाऱ्या स्पेलला) आता समोरच्याचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह असतो, हे ऐन लढाईत कळलं तर वाद होणारच.

अर्ध्या टेबलाने जुने आणि अर्ध्याने नवे नियम वापरायचे, ही तडजोड कोणी सुचवली तर नकार द्या. सरप्राइझ (अचानक हल्ला), ग्रॅपल (धरून ठेवणं), एक्झॉशन (थकवा) हे नियम सगळ्यांना एकदम लागतात; एकाच लढाईत त्यांच्या दोन व्याख्या चालत नाहीत.

जुन्या शीट फाडू नका. पहिली तीन सेशन प्रत्येकाला एक निवड फिरवायची मुभा ठेवा: फीट, सबक्लास किंवा शस्त्र. चौथ्या सेशनपासून शीट पक्की.