व्यवसायाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी कसे पारखावे

नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एखादा कारखाना खरेदी, साठा, उत्पादन, विक्री आणि हिशेब एकत्र आणणारी ईआरपी प्रणाली घ्यायचे ठरवतो, तेव्हा निवड बहुधा मालक, त्यांचे चार्टर्ड अकाउंटंट आणि विक्रेत्याचा प्रतिनिधी यांच्या बैठकीत होते. गेटवर आवक-जावक लिहिणारा कर्मचारी, स्टोअरकीपर आणि बिले करणारे लोक त्या बैठकीत नसतात, आणि पुढची कित्येक वर्षे त्या पडद्यासमोर बसायचे असते ते मात्र त्यांनाच. म्हणून पारख या लोकांकडूनच करून घ्यावी, आणि तीही सुरळीत पार पडलेल्या व्यवहारांवर नव्हे, तर घोळ झालेल्या व्यवहारांवर करावी, असे माझे ठाम मत आहे. सरळ खरेदी आणि सरळ विक्री कोणतेही सॉफ्टवेअर दाखवू शकते.

डेमो ठरवण्याआधी आपल्याच फायलींतून कठीण कागद काढून ठेवावेत: अर्धा माल आलेली खरेदी ऑर्डर, बिलातील वजन आणि वजनकाट्यावरील वजन न जुळलेली गाडी, ग्राहकाने परत पाठवलेला माल, दरफरकाची क्रेडिट नोट (आधीच्या बिलाची रक्कम कमी करणारा कागद) आणि जॉबवर्कला, म्हणजे बाहेरच्या कारखान्यात प्रक्रियेसाठी, गेलेल्या मालाचे चलन. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल जीएसटी कायद्यानुसार एका वर्षात परत यावा लागतो, त्यामुळे ही मुदत जवळ आलेली चलने प्रणाली आपणहून दाखवते की कोणी आठवणीने शोधावी लागतात, हे याच टप्प्यावर कळते. विक्रेत्याने आणलेला नमुना डेटा बाजूला ठेवायला सांगून हे कागद आपल्या माणसांनीच भरावेत आणि प्रतिनिधीने फक्त शेजारी बसावे. माणूस कोठे अडतो, कोणता रकाना त्याला कळत नाही आणि एका नोंदीसाठी किती पडदे उघडावे लागतात, हे त्या तासाभरात जेवढे समजते तेवढे माहितीपत्रकातून समजत नाही.

नागपूरच्या एखाद्या डाळमिलचे उदाहरण घेऊ, कारण त्यात प्रणालीचा कस लागतो. तूर एकच आत येते; बाहेर मात्र डाळ, तुकडा, चुनी आणि टरफल असे अनेक प्रकार पडतात. पुष्कळ प्रणालींची मूळ रचना सुटे भाग जोडून एक वस्तू तयार करणाऱ्या कारखान्याला धरून केलेली असते. तिच्यात अनेक वस्तूंपासून एक वस्तू सहज बनते. एकीपासून अनेक बनवायच्या आणि खर्च त्यांच्यात वाटायचा म्हटले की आडमार्ग काढावे लागतात. त्यातच १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच भरून लेबल लावलेल्या डाळीच्या पाकिटावर ५ टक्के जीएसटी लागतो आणि ३० किलोच्या कट्ट्यावर लागत नाही. म्हणजे डाळ तीच असली तरी एकीकडे कर बीजक निघायला हवे आणि दुसरीकडे करमुक्त मालाचे बिल. माल वर्ध्याला गेला तर केंद्र व राज्याचा कर वेगवेगळा लागतो आणि मध्य प्रदेशातील छिंदवाड्याला गेला तर आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीवरचा एकत्रित कर, हेही बिल करणाऱ्याला दरवेळी हाताने निवडावे लागू नये. हे सारे एकाच बैठकीत करून दाखवायला सांगावे. ‘पुढच्या आवृत्तीत होईल’ असे उत्तर आले तर ते ‘होत नाही’ असेच नोंदवावे.

चूक दुरुस्त कशी होते, हा मला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. ई-बीजक, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवून क्रमांक मिळालेले बिल, त्या पोर्टलवर फक्त २४ तासांच्या आत रद्द करता येते आणि त्यानंतर क्रेडिट नोटेचा मार्ग उरतो. चांगली प्रणाली हे बिल करणाऱ्याला वेळेत सांगते. कच्ची प्रणाली आपल्याकडचे बिल मुकाट्याने रद्द होऊ देते आणि पोर्टलवरचे तसेच राहते. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवणारे आणि ती नोंद बंद करता न येणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे. एक बिल मुद्दाम बदलून ती नोंद उघडून पाहावी: कोणी, केव्हा आणि काय बदलले, हे तिसऱ्या माणसाला वाचून समजले पाहिजे.

इतर प्रणालींशी जोडणीबद्दल ‘सगळ्याशी जोडता येते’ या वाक्यावर थांबू नये. वजनकाट्याचा आकडा थेट येतो की हाताने टाकावा लागतो, आणि हाताने टाकल्यास तशी खूण राहते का, हे विचारावे. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चाललेला हिशेब तसाच ठेवायचा असेल, तर एखादी नोंद दोनदा गेल्यावर काय होते ते करून पाहावे. पोर्टलने ई-बीजक क्रमांक दिला, पण नेट तुटल्याने तो आपल्यापर्यंत पोहोचलाच नाही, असे मुद्दाम घडवून पुन्हा प्रयत्न करावा. प्रणालीने आधी मिळालेला क्रमांक आणून दाखवावा, नुसती चूक दाखवून गाडी गेटवर उभी ठेवू नये. अशा वेळी जोडणी तुटल्याचा निरोप कोणाला जातो, हेही ठरलेले असावे.

दिवसभर बिले करणाऱ्यासाठी कळफलकावरूनच काम होणे आणि मराठी नावे शोधात व छापील बिलावर नीट उमटणे गरजेचे आहे. तक्रार कोण ऐकणार आणि मार्चअखेरीस तो माणूस मिळेल का, हे करारात लिहून घ्यावे. त्याच करारात सगळा डेटा, जुन्या नोंदी आणि जोडलेल्या कागदांसह, उघडता येईल अशा फाइलींत परत देण्याची अट असावी. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात, आणि सॉफ्टवेअरची वर्गणी थांबली म्हणून ही जबाबदारी संपत नाही. ही फाइल सही करण्याआधीच एकदा काढून घ्यावी आणि आपल्या अकाउंटंटकडून उघडून, तिच्यातील शिल्लक जुळवून पाहावी.