सोंगणीच्या दिवसांतलं पित्त असं आवरलं

सोयाबीनच्या सोंगणीत दरवर्षी मला पित्त व्हायचं. वावरातून उशिरा आलं की भाकर, ठेचा नि वाटीभर दही. संध्याकाळी छातीत जळजळ, तोंडाला आंबट पाणी. वैद्यांनी सांगितलं, पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदाच्या उन्हानं उसळतं. चरकसंहितेतही या ऋतूत दही आणि दिवसाची झोप वर्ज्य आहे. दही सोडणं जिवावर आलं, पण सोडलं. आता वावरात निघण्याआधीच मुगाचं वरण-भात, वरून साजूक तूप. भाजीला पडवळ नाहीतर कारलं. रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका सकाळी कुस्करून पाण्यासकट घेतो. जळजळ थांबली. शौचाला काळं होत असेल, उलटीत रक्त दिसलं तर मात्र घरी बसू नका, सरळ दवाखाना गाठा.